साक्षीला कोण आहे?

१

मे महिन्यात बाभुळगावात दुपारची जेवणं आटोपली की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सगळं गाव दारं लोटून, कूलर लावून आडवं होतं. मी नेमकी त्या वेळी कामाला बसते. लग्नांचं शूटिंग करायचं आणि मग त्याचा व्हिडिओ जोडून द्यायचा, हा माझा धंदा. शूटिंगला आता माणसं लावली आहेत, पण जोडकाम मी कोणाच्या हाती देत नाही. हल्लीचे लोक नवरीपेक्षा ड्रोनच जास्त दाखवतात.

घरात मी एकटी. लग्न केलं नाही, म्हणजे जमत होतं तेव्हा मला करायचं नव्हतं आणि मला करावंसं वाटलं तोवर जमेनासं झालं होतं. ते जाऊ द्या. भाऊ पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. गेल्या थंडीत बाबा गेले. तेव्हापासून एकटीपुरता स्वयंपाक करायची सवय लावून घेतेय, तरी भात जास्तच होतो. बाहेरची खोली माझी, आतली बाबांची. मध्ये दार नाही, पडदा आहे. बाबांच्या खोलीत मी सकाळी झाडू मारायला जाते, तेवढंच.

त्या दिवशी ढाणकीहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांचा पेन ड्राइव्ह हरवला होता आणि लग्नाचा व्हिडिओ परत हवा होता. म्हणून मी कपाटातून जुना लॅपटॉप काढला. तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की मी चहा मांडला, प्याले आणि कप धुऊन परत आले. फोल्डर उघडला तर हिरवी पट्टी पुढे सरकेना. तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि घर एकदम गप्प झालं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. त्याच्या पोटातून आवाज आला. टक, टक, टक. थोडा दम खाऊन पुन्हा टक, टक, टक.

मी घाबरले नाही. मी वैतागले. गिऱ्हाईक ताटकळलेलं असताना मशीन आजारी पडणं ही आमच्या धंद्यातली नेहमीची पीडा आहे.

२

हार्ड डिस्क जायला लागली की असाच आवाज करते. आधी मशीन मंद होतं. मग फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, पण ती उघडत नाही. मग कधीतरी निळा पडदा येतो, पुन्हा चालू केलं की सगळं ठीक असल्याचं नाटक करतं. आणि शेवटी ही टकटक. आत एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक काटा वाचत जातो. काट्याला जागा सापडली नाही की तो मागे येऊन आपटतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. असं काही दिवस चालतं, मग एक दिवस डिस्क कायमची गप्प होते.

काय करायचं ते मला माहीत होतं. उगीच तपासण्या लावायच्या नाहीत, मशीन हलवायचं नाही, तापू द्यायचं नाही, सगळ्यात गरजेचं असेल ते आधी दुसरीकडे उतरवायचं आणि बंद करायचं. माझा भाऊ रोशन फोनवर म्हणाला, "फ्रिजमधे ठेव वं ताई रातभर, यूट्यूबवर दाखवते." मी म्हटलं, "तुझं डोकंच ठेव आधी फ्रिजमधे." तो हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या डिस्कवर बाबा होते.

सांगायला हवं. माझे बाबा, बळीराम कंडक्टर, तीस वर्षं एसटीत होते. निवृत्त झाल्यावर आणि त्याआधीही सुट्टी काढून ते लग्नं लावायचे. आमच्यात लग्न लावणाऱ्याला बौद्धाचार्य म्हणतात. बाभुळगाव तालुक्यातली आमची निम्मी लग्नं बाबांनी लावली असतील. एसटीत चिमटा वाजवत तिकिटं फाडायची सवय होती, म्हणून माईक हातात आला की आधी त्याच्यावर नखाने टक, टक, टक करायचे आणि मग बोलायचे. नवरानवरीच्या प्रतिज्ञा झाल्या की बाबांचं स्वतःचं एक होतं, ते दुसरा कोणी करत नसे. ते मांडवाकडे बघायचे आणि विचारायचे, "साक्षीला कोण आहे?" मग सगळ्या मांडवाने म्हणायचं, "आम्ही आहोत!" आवाज कमी पडला तर पुन्हा विचारायचे. उद्या काही वाकडं झालं तर कोणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं, असा त्यांचा हिशेब. उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढची ओळ घ्यायचे नाहीत.

आता गंमत बघा. एवढी लग्नं, एवढे व्हिडिओ, आणि बाबांचा आवाज कशातही नाही. आमच्या धंद्यात मांडवाचा आवाज ठेवतच नाहीत. त्यात लाउडस्पीकरची शिट्टी असते, जेवणाच्या पंगतीची आरडाओरड असते, म्हणून तो बंद करायचा आणि वरून गाणं टाकायचं. गिऱ्हाइकाला तेच आवडतं. पाहुण्यांच्या मोबाइलात बघावं तर वरातीतला नाच सापडतो, प्रतिज्ञा कोणी काढत नाही. आणि आम्ही बापलेक एका घरात राहत होतो, आम्ही एकमेकांना कशाला आवाज रेकॉर्ड करून पाठवू? उरला तो फक्त जुन्या लॅपटॉपवरचा कच्चा माल, म्हणजे न कापलेलं शूटिंग, जो मी कधी पुसला नव्हता.

बाबांच्या स्मृतिदिनाला विहारात त्यांचा आवाज ऐकवू, असं मंडळी म्हणत होती. पण खरं सांगते, मला तो विहारासाठी नको होता. मला तो माझ्यासाठी हवा होता. दुपारी कूलर बंद पडला की या घरात जी शांतता होते ती मला सोसवत नाही.

३

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क जोडली आणि एकेक फोल्डर उतरवायला लावला. टकटक चालूच होती, पण फाइली निघत होत्या. एक लग्न उतरून झालं. मागच्या गल्लीतल्या खुशीचं, दोन हिवाळ्यांपूर्वीचं. पुढचं लावायच्या आधी मी जुन्या डिस्कवरचीच ती फाइल उघडली. उघडायला नको होती, उतरवताना मधे हात घालू नये हे मलाही कळतं. पण बाबांना बघून किती दिवस झाले होते.

बाबा दिसले. पांढरा सदरा, खांद्यावर पांढरं उपरणं, कपाळावर घाम नाही कारण थंडीचे दिवस. माईकवर टक, टक, टक केलं. मला हसायलाही आलं आणि रडायलाही. लोक कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे, मुठीत फुलांच्या पाकळ्या. प्रतिज्ञा झाल्या. बाबांनी मान वर केली.

"साक्षीला कोण आहे?"

कोणीच काही बोललं नाही.

मी आवाज वाढवला. नुसती खरखर. त्या लग्नात मी स्वतः कॅमेरा धरून होते. मांडवाचे पत्रे थरथरले होते एवढ्या जोरात लोक ओरडले होते, ते मला पक्कं आठवतं. मग डोक्यात आलं, डिस्क खराब आहे, आवाजाचा तुकडा गेला असेल. असं होतं.

"साक्षीला कोण आहे?" बाबांनी पुन्हा विचारलं.

त्या लग्नात त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. मी म्हटलं, दुसऱ्या लग्नाचा तुकडा इथे मिसळला असेल. तसंही होतं, फाइलींची खिचडी होते. पडद्यावर खुशी तीच होती, तिच्या केसांतला गजरा तोच होता. फक्त बाबा नवरानवरीवरून नजर काढून, लोकांच्या डोक्यांवरून, सरळ कॅमेऱ्याकडे बघत होते. थांबले होते. त्यांचं थांबणं मला माहीत आहे. बसमध्ये सुट्टे पैसे शोधणाऱ्या म्हाताऱ्या बाईसमोर ते असे उभे राहायचे, न चिडता.

"कोणीच नाही का?"

आणि मी उत्तर दिलं. आमच्यातलं कोणीही असतं तरी दिलंच असतं. चालता यायला लागल्यापासून हा प्रश्न आला की तोंड आपोआप उघडतं, त्यासाठी विचार करावा लागत नाही.

"मी आहे," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. "ठीक आहे," म्हणाले, आणि पुढची ओळ घेतली.

मी लॅपटॉप मिटला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी उठून माठातलं पाणी प्याले आणि बराच वेळ तो रिकामा पेला हातात धरून उभी राहिले.

४

आमच्या घरात भुताखेताला जागा नव्हती. बाबा वाढवायचेच तसे. कोणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "तू स्वतः पाह्यलं काय?" शेजारी कोणाच्या अंगात आलं तर ते मला हाताला धरून तिथे न्यायचे आणि म्हणायचे, डोळे उघडे ठेव. म्हणून मी डोळे उघडे ठेवायचं ठरवलं. जे उतरवलं होतं ते नव्या डिस्कवर, नव्या लॅपटॉपवर लावून बघितलं. डिस्कची भानगड असेल तर इथे कळेल.

खुशीचं लग्न लागलं. बाबा दिसले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. टकटक नाही, प्रतिज्ञा नाहीत. बाबांनी मान वर केली, ओठ हलवले, आणि अख्खा मांडव गरजला. "आम्ही आहोत!"

म्हणजे लोक इथे होते आणि बाबा तिथे.

मी पुन्हा लावलं. लोकांचा आवाज विरल्यावर, थोडं उशिरा, एका बाईचा आवाज होता. जवळचा, माईकच्या अगदी शेजारचा. "मी आहे." तो माझा आवाज होता. मी स्वतःला समजावलं, कॅमेऱ्यामागे मीच होते, माझा आवाज सगळ्यात जवळून यायचाच. मी त्या दिवशीही काहीतरी म्हटलं असेल. हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. माझ्या आवाजामागे एक घरघर होती, एकसारखी, मधूनच पत्रा खडखडल्यासारखी. ती घरघर मी दिवसभर ऐकते. तो माझा कूलर होता.

थंडीतल्या लग्नात कूलर कोण लावतं?

मी हेडफोन काढले. कूलर चालूच होता. हेडफोनमधून बाहेरचा आवाज येतो कधीकधी, स्वस्तातले आहेत. एवढ्यावर मी ते सोडून दिलं, कारण त्याच्यापुढे विचार करायचा म्हणजे घरातून उठून कुठेतरी जायला हवं होतं, आणि मला जायला कुठे नव्हतं.

५

यानंतर मी शहाण्या माणसासारखं वागायला हवं होतं. मी दुपारची वाट बघायला लागले.

जेवण झालं की मी जुना लॅपटॉप कूलरसमोर ठेवायची. एखादं लग्न लावायची. कोणतंही लावा, बाबा विचारायचे, मांडव गप्प असायचा, मी म्हणायची, "मी आहे," आणि बाबा मान हलवून पुढे जायचे. त्यांना उत्तर मिळाल्यावर चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते बघायला मी काहीही दिलं असतं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण कोणीतरी आपल्या उत्तरासाठी थांबलंय, ही गोष्ट माझ्या आयुष्यात किती दिवसांनी घडत होती. मी सुखात होते. लाज वाटते लिहायला, पण होते.

डिस्क मात्र खचत चालली. आधी एका दमात चालणारी फाइल आता अडखळायला लागली. बाबा अर्धी ओळ बोलून थिजायचे, तोंड उघडं, आणि आतून टक, टक, टक. मग पुढचं बोलायचे. एक लग्न उघडलंच नाही. मग आणखी एक. फोल्डरांच्या नावांत चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायला लागली. दर वेळी लावलं की काटा तबकडीला खरडत असणार, हे मला कळत होतं. मी बाबांना ऐकून ऐकून संपवत होते.

एक दिवस भिंतीपलीकडच्या बिजलीबाईने हाक मारली. मुलाच्या नोकरीमुळे तांडा सोडून इथे राहायला आलेली बाई, दिवसभर अंगणात गोधडी शिवत बसते. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे.

"दीपा, दुपारी कोण येते वं तुह्या घरी?"

"कोणी नाही, मावशी. बाबाचा व्हिडिओ लावतो मी."

"हो ना, बळीरामभाऊचा आवाज वळखला म्या. बरं वाटलं मले. पण तू किती बोलतं वं त्याईच्या संग!"

"मी कायले बोलू? एक शब्द बोलतो फक्त."

"एक शब्द?" तिने सुई थांबवली. "घंटाभर चालते बाप्पा तुमचं दोघायचं. काल तं तू हसून राह्यली होती. म्या म्हटलं, हासू दे पोरीले, किती दिवसाची तोंड पाडून बसली हाय."

काल मी हसले नव्हते. कालची फाइल मधेच अडकली होती, म्हणून मी लॅपटॉप बंद करून झोपले होते. मी म्हटलं, बिजलीबाईच्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो, मालिकांमधले बापलेक हसत असतील. ती पुन्हा गोधडीला लागली आणि मी घरात आले. घरात आल्यावर बाबांच्या खोलीचा पडदा सरकवून बघितला. खाट, गुंडाळलेली गादी, खुंटीवर उपरणं. जसं होतं तसं.

त्या रात्री मी ठरवलं की आता बस्स. आवाज वाचवायचा. माझ्याशी बोलणारा नाही, नुसता आवाज, जसा होता तसा, सगळ्यांना ऐकू येईल असा. मी एकदाही लावला नाही तर तो टिकेल. हे ठरवताना माझ्या जिवावर आलं, पण ठरवलं.

६

सकाळच्या एसटीने यवतमाळला गेले. दत्त चौकाजवळच्या बोळात प्रफुल्लचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रफुल्लच्या तोंडात कायम तंबाखूचा खर्रा असतो, त्यामुळे तो आधी खुणांनी विचारतो आणि मग बाहेर जाऊन थुंकून येतो आणि मग बोलतो. तोवर आपलं अर्धं सांगून झालेलं असतं आणि ते सगळं पुन्हा सांगावं लागतं.

त्याने लॅपटॉप चालू केला, डिस्कची तब्येत दाखवणारं काहीतरी लावलं. पडद्यावर लालच लाल. त्याने कान लावून टकटक ऐकली.

"ताई, हे तं केव्हाचीच जायला पाह्यजे होती. काहून चालवून राह्यली तू इले?"

"फाइली पाहत होती."

"पाहाच्या नसते अशा टायमाले! अॅक्सिडेंटचा पेशंट हाय हा, त्याले तू रोज चालवत नेऊन राह्यली." तो खरोखर चिडला होता. "कॉपी नाही मारली?"

"मारली. कॉपीत बाबाचा आवाज येत नाही."

"असं कसं? आवाज येईन तं सगळ्यायचा येईन, नाही तं कोणाचाच नाही येणार. एका माणसाचा आवाज कसा गायब होईन?"

मी म्हटलं, "तूच पाहून सांग." त्याने घड्याळाकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि म्हणाला की इथे काही होणार नाही. नागपूरला त्याच्या ओळखीचा माणूस आहे, बंद खोलीत डिस्क उघडून आतलं सगळं काढतो. निघालं तर सगळं निघेल. सोमवारी तो स्वतः जाणार होता, डिस्क सोबत नेईल. मग त्याने स्क्रू काढले आणि डिस्क बाहेर काढली. तळहातावर मावेल एवढी. ती मी पहिल्यांदाच अशी उघडी बघत होते. अजून कोमट होती.

"नेण्याआधी एकदा लावून पाहू काय, ताई? आवाज खराच हाय का तेवढं पाहू."

माझ्या ओठांवर हो आलं होतं. दुकानात चार लोक उभे असताना बाबांनी विचारलं तर, एवढंच मनात आलं. आणि मग दुसरं आलं, ते विचारतील आणि हे चौघंच उत्तर देतील आणि मला उत्तर द्यावं लागणार नाही. ते मला नको होतं. त्यांना उत्तर मीच द्यायचं होतं. इतकी मी वेडी झाले होते.

"नको," मी म्हटलं. "लावू नको बिलकूल. कोणालेच लावू देऊ नको."

त्याने डिस्क स्पंजच्या पाकिटात घातली, वर माझं नाव लिहिलं आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. मी रिकामा लॅपटॉप पिशवीत घालून स्टँडवर आले. दवाखान्यात माणूस भरती करून एकटंच घरी जाताना जसं होतं तसं वाटत होतं. बाबांना भरती केलं तेव्हा पण मी याच स्टँडवरून गेले होते. गाडीत खिडकीजवळ बसले आणि रडून घेतलं. शेजारच्या बाईने विचारलं नाही, ते बरं झालं.

७

बाभुळगावला उतरले तेव्हा उन्हाने डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. गल्लीत कोणी नव्हतं, फक्त बिजलीबाई निंबाच्या सावलीत गोधडी घेऊन. मला बघून ती दचकली.

"तू बाहीर कवा गेली वं?"

"सकाळीच. यवतमाळले गेलती."

"आन् मंग..." ती माझ्या दाराकडे बघत राहिली. दाराला कुलूप होतं. माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. गोधडी गोळा केली आणि तिच्या घरात गेली आणि आतून कडी लावली. तिची कडी लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मी कुलूप काढलं. लाइट नव्हती. खोलीत कोंडलेली गरम हवा, कूलर बंद, माझ्या टेबलावर नवा लॅपटॉप मिटलेला, त्याची वायर भिंतीतून काढून ठेवलेली. तशी मीच काढून गेले होते. मी पिशवी खांद्यावरून उतरवली. रिकामा लॅपटॉप, आत काहीच नाही, तरी मी ती जपून खाली ठेवली.

पडद्याच्या आतून आवाज आला. टक, टक, टक.

मग बाबा म्हणाले, "साक्षीला कोण आहे?"

मांडवातल्यासारखं मोठ्याने नाही. खोलीत बसून, घरात बोलावं तसं. खरखर नव्हती, अडखळणं नव्हतं. इतका स्वच्छ आवाज मी त्या डिस्कवरून एकदाही ऐकला नव्हता.

माझं तोंड उघडलं. मी ते हाताने दाबून धरलं. डिस्क यवतमाळला कपाटात आहे, मी मनात म्हणत होते. मी स्वतः पाह्यलं. माझ्यासमोर कुलूप लावलं. उत्तर द्यायचं नाही. दिलं तर हे खरं मानल्यासारखं होईल, आणि मग मला या घरात राहता येणार नाही, आणि हे सोडून मला घर नाही.

"साक्षीला कोण आहे?"

मी श्वास रोखला. हाताला घामाचा वास येत होता. बाबा थांबले. न चिडता थांबले. मला वाटलं, आता ते तिसऱ्यांदा विचारतील, आणि तिसऱ्यांदा मी बोलणार, मला माहीत होतं मी बोलणार.

"मी आहे," आत कोणीतरी म्हणालं.

माझा आवाज. मी तो हेडफोनमध्ये ऐकला होता, मला तो ओळखायला वेळ लागला नाही.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. मग खाट करकरली, जशी ते टेकून बसल्यावर करकरायची. "जेवली काय वं?"

"हो. भात केलता. जास्तच झाला आज."

"राहू दे. संध्याकाळी फोडणी देऊ."

दोघं हसले. बिजलीबाई खरं सांगत होती. मी माझ्याच घरात उंबऱ्याजवळ उभी राहून ऐकत होते. बाबा तिला स्टँडवरच्या कोणाची तरी गोष्ट सांगत होते. ती मी कधी ऐकली नव्हती, किंवा ऐकली असेल आणि तेव्हा लक्ष दिलं नसेल. ती मधे मधे "मंग?" म्हणत होती. मी कधी म्हणायची नाही तसं, मनापासून. पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. त्याच्या खालून फरशीवर ओढणीचं टोक दिसत होतं, पिवळ्या काठाचं. मी माझ्या खांद्याला हात लावला. माझी ओढणी खांद्यावरच होती, पिवळ्या काठाची.

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. ती माझी जागा होती. एवढ्या दुपारी मी कोणासाठी बसून काढल्या होत्या? आवाज वाचवायचा म्हणून एक दिवस गप्प राहिले, एकच दिवस, आणि तेवढ्यात ती येऊन बसली. पडदा सारायला हात उचलत नव्हता, पण आवाज निघाला. तोंडावरचा हात काढून मी म्हटलं, जितक्या जोरात निघालं तितक्या जोरात म्हटलं,

"बाबा, मी आहे!"

आतली गोष्ट मधेच थांबली. खाट करकरली. ओढणीचं टोक हळूच आत ओढलं गेलं.

"बाहीर कोण हाय वं, दीपा?" बाबांनी विचारलं. परक्या माणसाची चाहूल लागल्यावर ते विचारायचे तसं.

मग पडद्याच्या अगदी जवळून, माझ्या आवाजात, उत्तर आलं.

"कोणी नाही, बाबा."